पिवळ्या वायरचा जोड

चाचा, तुमच्या वेळी ग्राफिक्स कार्ड नावाची वस्तू आपल्या दुरुस्तीच्या दुकानात कधी आली नाही, म्हणून आधी तीच सांगते. कॉम्प्युटरच्या पेटीत आडवी बसवायची, विटेपेक्षा लांब अशी पाटी. चित्रांचं सगळं काम तिच्याकडे. अंगावर तीन पंखे. तुम्ही नक्की म्हणाला असतात, एवढ्याशा जिवाला तीन पंखे म्हणजे फार लाडावलेली दिसते. वीजही तशीच खाते. पॉवर सप्लायमधून वेगळ्या जाड केबलने तिला बारा व्होल्ट द्यावे लागतात, आणि ती कामाला लागली की त्या केबलवर एवढा भार येतो की कच्चं काम तिथे खपत नाही.

हे कार्ड बोर्ली पंचतनच्या एका मुलीचं. मुंबईतल्या एका ऑफिससाठी ती घरी बसून घरांची चित्रं करते. भिंती, खिडक्या, खिडकीतून आत येणारं ऊन, सगळं खऱ्यासारखं. आठ महिन्यांचं मूल पदरात आहे. कार्ड सेकंडहँड आणलं आणि महिन्यापूर्वी मीच तिच्या घरी जाऊन बसवलं. तीन आठवडे बरं चाललं. मग चित्र तयार व्हायला लावलं की स्क्रीन काळी आणि पंखे बेफाम, असं सुरू झालं. ऑफिसने सांगितलं, सोमवारपर्यंत काम द्या, नाहीतर मुंबईत येऊन बसा, तेही जमत नसेल तर राहू द्या. तिचा फोन आला तेव्हा मी भाजी निवडत होते. हात न थांबवता म्हटलं, "कार्ड गेलं असेल गं. आधीच्या मालकाने पिळून काढलेलं असतं, त्यात आपल्याकडची खारी हवा." तिच्या मागे मूल रडत होतं. फोन ठेवला आणि मला माझीच लाज वाटली.

आपल्या किनाऱ्यावर दुरुस्तीवाल्याला दोष सापडला नाही की तो हवेचं नाव घेतो, आणि गिऱ्हाईकही मान डोलावतं, कारण हवा खरंच पत्र्यापासून बिजागरीपर्यंत सगळं खाते. तुम्हाला मात्र या बोलण्याचा भारी राग. तुमच्या हाताखाली पहिल्याच वर्षी मी एका रेडिओबद्दल तसं बोलले, तर तुम्ही भरल्या दुकानात म्हणालात, "हवा इथं येऊन कबूल करनार हाय काय? आधी घरचा करंट बघ, बाय. मशिनीवर आळ मागून घे." चार माणसांसमोर बोललात म्हणून मी त्या दुपारी जेवणार नव्हते. चाचींनी स्वयंपाकघरात बोलावून तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी पुढे सरकवली. "त्यांचं मनाला लावून घेऊ नको, मलाबी असंच बोलतात," म्हणाल्या. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या.

तर आज सकाळी श्रीवर्धनहून निघून बोर्ली गाठली. आधी भिंतीतला करंट मोजला, अर्थिंग बघितलं, दोन्ही ठीक. कार्ड काढून त्याची टोकं खोडरबरने पुसली, मीटर लावला. कुठे शॉर्ट नाही. मग सगळं परत जोडून मुलीला म्हटलं, लाव तुझं चित्र. ती मांडीवर मूल घेऊन बटण दाबते आणि मी मीटरची टोकं कार्डाच्या प्लगमागे धरून बसते. बारा. अकरा पॉइंट चार. अकराच्याही खाली. स्क्रीन काळी. पुन्हा चालू केलं आणि या वेळी पॉवर सप्लायच्या बाजूने मोजलं. तिथे बारा जागचे हलत नाहीत. म्हणजे कार्ड चांगलं आणि सप्लायही चांगला, वीज मधेच गळत होती. आणि मधे होता फक्त केबल लांबवायचा वीतभर एक्स्टेंशनचा तुकडा, जो मी स्वतः बनवला होता. केबल पेटीच्या मागून नेऊन नीट लपवावी, काम देखणं दिसावं, एवढ्याचसाठी. आवरण कापलं. तीन पिवळ्या वायरींपैकी एकीचा जोड नुसता टेकलेला होता. सोल्डर वर चढलेलं, आत धरलेलंच नाही.

मुलगी विचारते, "काय झालंय, ताई?" हवेचं नाव जिभेवर आलं होतं, चाचा, खोटं कशाला बोलू. पण म्हटलं, "जोड माझा होता. कच्चा राहिला. चूक माझी." ती म्हणाली, "म्हणजे कार्ड चांगलं हाय ना?" तुकडा काढून केबल सरळ लावली. ती कामाला बसली आणि मी तिचं मूल घेऊन ओटीवर बसले. तासाभराने आतून आवाज आला, "ताई, झालं चित्र!" मला रडू आलं, पण ते तिच्यासाठी नव्हतं.

तुम्ही डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी मुंबईला गेला होतात त्या आठवड्यात एका बोटीचं मासे शोधायचं यंत्र दुकानात आलं होतं. त्याच्या फ्यूजची वायर मी जोडली. तुम्ही परत आलात आणि चार दिवसांनी त्या बोटीचा तांडेल दारात उभा राहून ओरडत होता, "चाचा, जाली फाटून गेली माजी! पडदा काला झाला, खडक दिसलाच न्हाय!" तुम्ही यंत्र उघडलंत, नखाने जोड चाचपलात आणि म्हणालात, "माझी चूक. डोळे गेले माझे." ऐकायला अर्धं बंदर जमलं होतं. त्यानंतर बोटवाले आपली यंत्रं मुरुडला नेऊ लागले. म्हाताऱ्याला दिसत नाही, म्हणायचे. तुमच्या हातात पुढली दोन वर्षं काम आलं नाही, आणि मग तुम्ही गेलात. दुरुस्तीच्या वेळी त्या यंत्राला तुम्ही शिवलाही नव्हतात.

आज तेच वाक्य बोलायला मला एक क्षण लागला. हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकायचं ते मला माहीत नाही, टाकणारही नाही. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले, की तेव्हा तुम्ही एकदा जरी माझ्याकडे बघितलं असतंत तरी मी बोलले असते. चाचा, तुम्ही बघितलं होतंत. मीच चहाचे कप उचलून आत गेले.