चार लिंबं आणि पुठ्ठ्याची चावी

१७ जाने., शनि.
शोरूमवाल्याचा फोन. गाडी तयार आहे. पुढच्या शनिवारी पुण्याजवळ, थेट कंपनीतूनच घ्यायची. त्यानं पुन्हा विचारलं, "मॅडम, इथं धाराशिवात आणून देतो की, कशाला एवढी दगदग?" नको म्हटलं. कंपनीत मालकानं स्वतः स्टेअरिंगवर बसून गेटमधून गाडी बाहेर काढायची असते, हे त्यानंच पहिल्या दिवशी सांगितलं होतं. त्या एका वाक्यापायी मी पन्नाशी उलटल्यावर लायसन काढलंय.

ह्यांना सांगितलं. तीस वर्षं एसटीचं स्टेअरिंग धरलेला माणूस. म्हणाले, "बरं हाय. तू ड्रायव्हर, म्या कंडक्टर. घंटी मारली की सोड." दिवसभर तेच चाललं होतं. मलाही हसू येत होतं.

२१ जाने., बुध.
शाळेतून येताना वडापच्या जीपमध्ये चौघींच्या जागेत सहाजणी. मांडीवर कुणाची तरी मेथीची पिशवी. आता थोडेच दिवस.

संध्याकाळी अशूचा फोन. शुक्रवारी तिच्याकडं मुक्काम करा, शनिवारी मीही गेटवर येते म्हणाली. "आई, भीती नाही ना वाटत?" म्हटलं, वानर सोडून कशाचीच नाही. दोघी हसलो. मग ती गप्प झाली. रेंज गेली असेल.

वानराचं आम्हा मायलेकींशिवाय कुणालाच माहीत नाही. दिवाळीच्या सुट्टीत ती तिच्या जुन्या गाडीवर मला शिकवत होती, रामलिंगच्या रस्त्याला, सकाळी सकाळी. वळणावर वानर आडवं आलं आणि मी ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबला. पुढचं चाक नालीत. तिनंच रिव्हर्स घेऊन काढली. "पप्पांना कळणार नाही, तुझ्या गळ्याची शपथ," म्हणाली होती.

२३ जाने., शुक्र. (पुणे, अशूकडं)
निघायच्या आधी अंगणातल्या झाडाची चार लिंबं काढली. चांगली टणक बघून. नव्या गाडीच्या चारी चाकांखाली ठेवायची आणि पहिल्यांदा जो बसतो त्यानं वरून गाडी नेऊन फोडायची. ह्यांनी डेपोत दर दसऱ्याला फोडलीत. उद्या मी.

संध्याकाळी बापलेक गॅलरीत बोलत होते. मी चहा घेऊन गेले तर विषय एकदम भज्यांवर. भजी काही केलेली नव्हती.

२४ जाने., शनि.
लिहू की नको. लिहितेच.

कंपनीत फलकावर माझं पूर्ण नाव. मोठा हॉल, फरशी अशी की पाय टाकायला नको वाटावं. तिथल्या साहेबांनी, अशूपेक्षाही लहान असतील, पुठ्ठ्याची हातभर लांब चावी माझ्या हातात दिली. फोटोसाठी. खरी चावी ह्यांच्या हातात. "सर, ही तुम्ही धरा." मला वाटलं, धरायलाच दिलीय.

पूजेला गेटच्या अलीकडं कोपरा राखलाय. गाडी तिथंच उभी होती. पांढरी. मी हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. मग पदर खोचून एकेका चाकाखाली लिंबू ठेवत गेले. चौथं नीट बसेना, घरंगळायचं. ते बसवून उठते तर हे स्टेअरिंगवर. गाडी चालू.

"बस की गं डावीकडं."

मी अशूकडं पाहिलं. ती मोबाईल धरून उभी. "आई, बस ना. इकडून फोटो छान येतोय."

एवढ्या लोकांत काय बोलायचं. बसले. मांडीवर पुठ्ठ्याची चावी. वॉचमननं ह्यांना सलाम केला. लिंबं फुटल्याचा आवाज आत बसून येत नाही. येत असेल असं मला वाटायचं. गेट ओलांडायला अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही. कंडक्टर शेवटी मीच झाले.

अशू तिथूनच घरी गेली. टेंभुर्णी सोडल्यावर ह्यांना विचारलं, मला का दिली नाही? म्हणाले, "आगं, तिथं एवढी मानसं, कॅमेरे. एखांदं वानर आडवं आलं आसतं म्हंजे?" आणि आपल्याच बोलण्यावर हसले.

मी हसले नाही. बार्शीपर्यंत डोळे मिटून बसले. ह्यांना वाटलं, मला झोप लागली.

२५ जाने., रवि.
अशूला फोन केला. वानराचं कुणी सांगितलं?

आधी जेवण झालं का विचारलं. मग: "आई, मला भीती वाटली गं. घाईत तुझा हात कापतो. मीच पप्पांना म्हटलं, गेटपुरतं तुम्ही घ्या. नंतर आहेच की तुला आयुष्यभर."
"मला का नाही सांगितलंस?"
"तू ऐकलं नसतंस."

नसतंच ऐकलं. म्हणून मला लिंबं ठेवायला वाकवलं आणि...

ह्यांच्याशी भांडता येतं. तीस वर्षं भांडतेय, त्याचा सराव आहे. पण क्लच कसा सोडायचा ते जिच्याकडून शिकले, तिनंच माझ्या पाठीमागं ठरवलं की मला जमणार नाही. दगा दिला पोरीनं. पोटच्या पोरीबद्दल हा शब्द लिहायला जड जातोय, पण दुसरा सुचत नाही.

२६ जाने., सोम.
झेंडावंदन. ह्यांनी शाळेच्या फाटकापर्यंत सोडलं. खिचडीवाल्या सुमनबाई धावत आल्या. सहा महिने त्यांना एकच गोष्ट सांगत होते मी.

"बाई, कंपनीतून तुमीच चालवत भाईर काडली न्हवं?"

"व्हय," म्हटलं.

"लई बेस केलं. आमच्या सुनंला सांगते."

सगळा वेळ झेंड्याकडं बघत उभी राहिले. पोरांना खरं बोला म्हणून शिकवते.

२९ जाने., गुरु.
हे गाडी घेऊन भूमला, पाहुण्यांना दाखवायला. पुठ्ठ्याची चावी टीव्हीच्या वर भिंतीला लावलीय. येणारा जाणारा कौतुक करतो.

गाडी परत आल्यावर नुसती आत जाऊन बसले. पाय क्लचला पोचेना. सीट ह्यांच्या मापानं मागं. पुढं ओढून ठेवली. तासाभरात हे दुधाला गेले आणि आले, सीट पुन्हा मागं. पुन्हा ओढली.

अशूचे दोन फोन आले. उचलले नाहीत. तिनं पाठवलेला गेटवरचा फोटो मात्र चारदा पाहिला. मी त्यात हसतेय. कधी हसले, आठवत नाही.

३१ जाने., शनि.
अशूचा मेसेज. उद्या सकाळी रेल्वेनं येते. "येडशीला उतरेन. घ्यायला कोण येतंय?" धाराशिव सोडून येडशी, म्हणजे तोच रामलिंगचा रस्ता.

मोठ्यानं वाचला. हे म्हणाले, "म्या जातो की. तू कशाला?" मी भाकरी थापत राहिले.

मग ह्यांनी टीव्हीवर, खिशात, देवळीत चावी शोधली. "कुटं ठिवलीस गं?" म्हटलं, ती काय, भिंतीवर.

माझ्याकडं बघितलं. जरा वेळानं अंगणात जाऊन गाडी पुसत बसले.

घ्यायला गेले तर अशूला वाटेल, आईनं झालं ते सोडून दिलं. मी सोडलेलं नाही. नाही गेले तर हे जातील, आणि ही गाडी कायमची ह्यांची होईल.

सीट पुढं ओढलेली आहे. चावी माझ्या पर्समध्ये. अशूला अजून उत्तर लिहिलेलं नाही.