यांचा एकच शब्द

३ जून
लिहिण्याची मला हौस नाही. भाग पडलं म्हणून लिहिते. अर्धांगाच्या झटक्यानंतर यांची वाचा गेली आणि परत आला तो एकच शब्द: लाइन. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी झाली, त्यातला तेवढाच उरला. लेक म्हणते, आई, बाबांना काय हवं ते तुला कळत नाही, महिनाअखेर मी त्यांना माझ्याकडे नेणार. तिला सांगितलं, मी इंग्रजी घेऊन बीए झाले आहे, एक शब्द मला जड नाही. लेकीच्या घरी मी राहत नसते. हेही राहणार नाहीत.

४ जून
माळ्यावरून शब्दकोश काढला. लाइनला दीड पान. रोज पाच अर्थ. महिनाअखेर विषय संपतो.

५ जून, सकाळ
हे म्हणाले, लाइन. लगेच ओळखलं: कपड्यांची दोरी. ओले कपडे काढून आत आणले. हे भिंतीकडे तोंड करून झोपले. समाधान झालं असावं.

७ जून
लाइन, लाइन! फार जोरात. वीज असणार. वायरमनला बोलावलं. त्याने सगळी बटणं दाबून पाहिली. बिघाड नाही. यांना बाथरूमला जायचं होतं. चादर बदलली. हा अर्थ शब्दकोशात नाही, तेव्हा माझी चूक धरता येणार नाही.

११ जून
स्पीच थेरपीच्या बाई आल्या. म्हणाल्या, शब्द एक असला तरी सूर वेगळे असतात, तुम्ही जरा गप्प राहून ऐका. मी ऐकतेच, हे त्यांना सविस्तर समजावलं. मध्येच हे हळूच म्हणाले, लाइन. बाई तोंडावर रुमाल धरून हसल्या. काय झालं विचारलं, तर म्हणाल्या, काकू, लाइन बिझी आहे म्हणतायत.
फी घेऊन थट्टा.

१२ जून
संकल्प: दुपारी अर्धा तास मौन. पाळलं. फक्त गॅसवर दूध आहे, ते उतू जाईल, मग कोण पुसणार, एवढंच यांना सांगितलं. उरलेलं मौन उद्या.

१८ जून
न्हावी दाढी करायला आला. यांचं लाइन, त्याचं हो ना काका, आणि दोघंही हसतायत. तो निघताना मी दारात गाठलं. काय म्हणत होते? तो म्हणाला, मला काय कळतंय बाई, ते हसले म्हणून मी हसलो.

२४ जून, संध्याकाळ
यांनी माझा हात धरला. तोच शब्द कितीतरी वेळ, हळू, मग रागाने, मग पुन्हा हळू. डोळ्यांत पाणी. मी दुसऱ्या हाताने शब्दकोश उघडला. रेघ? ओळ? रांग? सुरकुती? एकेक वाचून दाखवला. प्रत्येकाला मान नाही अशी हलली. शेवटी यांनीच शब्दकोश मिटला.
मला हे जमत नाहीये.
वरचं वाक्य खोडायचं आहे.

३० जून
लेक आणि जावई गाडी घेऊन आले. मी वाद घातला नाही. सामान भरलं. यांना मागे बसवलं, पट्टा लावला. लेक ओरडली, आई, हात सोड ना, दार लावायचंय! मी म्हटलं, कोणी धरलाय ते नीट बघ.
हे म्हणाले, लाइन.
दार लागावं म्हणून मी आत बसले. दुसरं काही कारण नाही.

संध्याकाळी, लेकीच्या घरी. तिच्या ताब्यात दिलं: औषधांचा डबा, चष्मा, काठी, दोन स्वेटर, हे. सोबत, अंगावरच्या साडीनिशी, मी. शब्दकोश घरीच राहिला.