बसलं आणि धरलं

ता. ११ मार्च, बुधवार

प्रिय दादा,

नमस्कार. आई बरी आहे, काकांचा गुडघा पुन्हा कुरकुरतोय. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. कोणाकडून वाचून घेऊ नकोस, वेळ लागला तरी स्वतःच वाच.

आधी एक दुरुस्ती. बाबा गेले, त्याच्या आदल्या दिवशी मी होडीच्या डेकवर मागच्या टोकाचा, पाय घसरू नये म्हणून लावतो तो फोम चिकटवला, असं मागच्या पत्रात लिहिलं होतं. ते चूक. त्याच दिवशी सकाळी अकराला चिकटवला. तुम्ही होडी काढलीत दोनला. गोंदाला चोवीस तास लागतात, हे तुला मी काय सांगू.

होडी अजून शेडमध्ये ठोकळ्यांवरच आहे. चावी माझ्याकडे. धूळ पुसायला गेले, तर तोच तुकडा कोपऱ्यातून उचकटलेला. मी खालचा डेक घासला, नवा गोंद लावला, रोलर फिरवला, वर जुनी बॅटरी ठेवली. दुसऱ्या दिवशी बॅटरी बाजूला आणि कोपरा वर. असं तीनदा झालं.

काल काकांना दाखवलं. म्हणाले, "बापावर गेलाय तुकडा. दाबला की उठणारच." मग वाकून पाहिलं. फोमवर पायाचा ठसा होता. टाच खोल, बोटं हलकी, बाबा उभे राहायचे तशी.

"तू उभी होतीस का गं इथे?"

"नाही काका."

दाबलेला फोम मिनिटभरात फुगतो, हे त्यांनीच मला शिकवलंय. आम्ही बराच वेळ थांबलो. ठसा तसाच. काकांनी माझ्या पावलांकडे पाहिलं आणि बाहेर गेले. मी कोपरा उचलला. खाली ओल होती. चाखून पाहिली, खारट. होडी पाच महिने पाण्यात गेलेली नाही.

दादा, आपल्या घरातले दोन शब्द तुला माहीत आहेत. कापलेला तुकडा जागेवर नेमका आला की "बसलं". गोंद पक्का झाला की "धरलं". यांची गल्लत केली की बाबा टपली मारायचे. त्या दिवशी त्यांनी धक्क्यावरून ओरडून विचारलं, "धरलं का गं?" काम आदल्या दिवशीच सांगितलं होतं, मी परीक्षेच्या नादात विसरले होते. मी म्हणाले, "हो बाबा, बसलं."

शब्द मी निवडून वापरला. खोटं बोलायला नको म्हणून. त्यांनी फक्त "हो" ऐकलं.

तुम्ही त्यांना दवाखान्यात नेलंत, तेव्हा त्यांच्या पायाखालून सरकलेला तुकडा मी ओढून जागेवर आणला आणि दाबला. मग बंदर कचेरीतला जबाबही मीच लिहिला. घरात शिकलेली मी एकटी, म्हणून आईनं अंगठा दिला, काकांनी न वाचता सही केली. त्यात लिहिलंय: "होडीला झटका बसला व वडील पडले. इंजिन मुलाच्या हाती होतं." दोन्ही वाक्यं खरी आहेत. शेजारी शेजारी ठेवली ती मी. झटका रोजच्यासारखाच होता, दादा. त्या दोन वाक्यांमुळे आईनं तुला दार बंद केलं आणि मी आत बसून ऐकत राहिले.

आज सकाळी ठसे दोन होते. कालचा पाण्याच्या बाजूला तोंड करून होता. आजचे दोन्ही दाराकडे, मी येते त्या बाजूला. मी रोलर खाली ठेवला आणि म्हणाले, "नाही बाबा, धरलं नव्हतं." पण रिकाम्या शेडमध्ये कबूल करून कोणाचं काय भलं होणार?

रविवारी आईला या पत्राची नक्कल शब्द न शब्द वाचून दाखवीन. ती मला काय म्हणेल, ते म्हणो. कचेरी दुसऱ्या दिवशी उघडते. तू आलास तर धक्क्याशी भेट, नाही आलास तरी मी आत जाऊन जबाब बदलणार आहे. सोमवार, १६ मार्च, सकाळी दहा.

तुझा दोष स्वतःच्या हातानं लिहिणारी,
तुझी धाकटी