तोंडाला साबण

३ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

लेक तुझ्याकडे येऊन राहिली, हे बरं झालं; निदान वेळेवर जेवत असेल. पण तिच्या लग्नाला मी येणार नाही, हे तिला स्पष्ट सांग. मुलगा बस चालवतो, निर्व्यसनी आहे, सगळं मान्य. पण तो काळा, वेगळ्या वंशाचा. तीस वर्षं सलून चालवतोय. तसले केस घेऊन कुणी आलं, की आम्हाला जमत नाही म्हणून परत पाठवतो. आता जावईच तसला करून घेऊ? तुझे गुडघे कसे आहेत?

लोभ आहे, तो रागातही राहू द्यावा.

तुझा भाऊ

११ मार्च

चि. भाऊस, अनेक आशीर्वाद.

गुडघे कुरकुरतात, पण तुझ्याइतके नाही. त्या मुलाशी तू बोललास म्हणे. म्हणजे तूच बोललास. गिऱ्हाइकाच्या तोंडाला साबण फासून एकट्यानेच बडबडायची तुला जन्माची खोड! येत्या रविवारी त्याला तुझ्याकडे पाठवतेय. तू खुर्चीत बसायचं, वस्तरा त्याच्या हातात द्यायचा. त्याला दाढी करता येते. कुठे शिकलास, एवढंच विचार आणि दाढी होईपर्यंत गप्प राहा. नंतरही नाहीच म्हणालास, तर मी विषय काढणार नाही. पण लेक पुन्हा तुझा उंबरा चढणार नाही, हे ध्यानात ठेव.

लहानपणी कडेवर घेऊन फिरवलंय, त्याला स्मरून एवढं ऐक.

तुझी ताई

२० मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

तो आला. हात माझ्याहून हलका आहे, हे लिहायला जिवावर येतंय.

त्याच्या वडिलांचे पाय गेले होते. एकदा दाढी करायला म्हणून त्यांना पाठीवर घेऊन त्याने तीन दुकानं पालथी घातली. तिन्हीकडे सांगितलं, आम्हाला जमत नाही. मग तो स्वतःच शिकला. वडील गेले त्या सकाळीही त्याने त्यांची दाढी केली होती.

माझंच वाक्य, ताई, शब्दाला शब्द. तोंडाला साबण, गळ्याशी वस्तरा. हलायची सोय नव्हती. फार लाज वाटली. तोंड पुसल्यावर विचारलं, त्यात माझं दुकान होतं का. म्हणाला, वडील पाठीवर होते, पाटी वाचायला मान वर करता येत नव्हती.

मग त्याला खुर्चीत बसवलं आणि म्हटलं, तुझ्यासारखे केस कसे कापायचे ते शिकव. दीड तास लागला. डावी बाजू बरी जमली. उजवी बघून तो हसायला लागला, मग मलाही हसू आवरेना.

लेकीला सांग, मी लग्नाच्या आदल्या दिवशीच येतोय. फोटो तेवढे डावीकडून काढा.

लोभ होताच, आता त्यात जावयालाही धरावं.

तुझा भाऊ