बुरुजावर आई

५ जानेवारी, रविवार

"हा विक्की हाये!" आईनं मोबाईल थेट माझ्या ताटात ठेवला. वरणात!

शेजारची प्रीती नवऱ्याबरोबर गुजरातकडं फिरून आली. दीवचा किल्ला, समुद्र, तोफा, चर्च... ढीगभर फोटो ग्रुपवर टाकलेत. त्यातला एक. प्रीती तोफेवर हात ठेवून हसतेय, अन् मागं भिंतीजवळ टोपली घेतलेला एक माणूस. तोंड अर्धं वळलेलं. मोठा करून पाहिला तर नुसते ठिपके.

"आई, हा कोणीही असू शकतो."

"तुले दिसून नाही राहिलं. मले दिसून राहिलं."

विक्की — माझा धाकटा भाऊ. घर सोडून गेला त्याला चौदा वर्षं झाली. तेव्हा एकोणीसचा होता. बारावीत दुसऱ्यांदा नापास झाला, बाबांनी त्याला जरीपटक्याच्या चौकात, सगळ्यांसमोर, पट्ट्यानं मारलं. तो तसाच निघाला. पायात चप्पल नव्हती. पोलीस ठाणं झालं, रेल्वे स्टेशन झालं, आईनं कोणाकोणाचे पाय धरले. बाबांनी मात्र पुन्हा त्याचं नाव काढलं नाही. कोरोनात बाबा गेले, तेही नाव न काढताच.

तेव्हापासून आईला कुठं ना कुठं विक्की दिसतो. रामटेकच्या बसमध्ये. इतवारीत हातगाडी ओढताना. दीक्षाभूमीच्या गर्दीत तर दरवर्षी. प्रत्येक वेळी ती धावते, माणूस वळतो, दुसराच निघतो. हा फोटोतला मात्र वळत नाही. तीच तर पंचाईत आहे.

६ जानेवारी

आई जेवली नाही.

९ जानेवारी

आजही एकच पोळी. फोटो प्रिंट करून आणला, स्वतः जाऊन! दुकानदारानं आणखीच धूसर करून दिला.

प्रेमानंदला म्हटलं, तू तरी समजाव. जावयाचं ती ऐकते. तर हा म्हणतो, "घेऊन जा. नाही गेलात तर आई वर्षभर त्या फोटोतच राहतील."

"आणि तिथं जाऊन तो नसला तर?"

"मग निदान समुद्र तरी पाहून येतील."

बुटीबोरीला कापड कारखान्यात रजा टाकली. साहेब म्हणाले, आता ऑर्डरचे दिवस आहेत, लॅबमध्ये दुसरं कोणी नाही, कापडाचे रंग कोण तपासेल? मी म्हटलं, सर, घरचं काम आहे. काय काम ते सांगता येईना.

१६ जानेवारी

अहमदाबादची गाडी. आईनं सांबारवडीचा डबा भरून घेतलाय. कोथिंबीर निवडायला काल सबंध दुपार बसली होती. "त्याले आवडते." मी खिडकीबाहेर पाहिलं. डब्यातलं शेवटी आम्हीच खाणार, हे मला दिसत होतं.

१८ जानेवारी

दीव. दोन रात्री प्रवास, शेवटची बस तर हाडं खिळखिळी करणारी. पण गाव सुंदर! जुना तट, लाल रंगाचा दरवाजा, त्यावर कोरलेले सिंह. आत अरुंद गल्ल्या, पिवळी-निळी घरं. टोकाला किल्ला, तीन बाजूंनी पाणी. खाडीत आणखी एक छोटा किल्ला नुसता पाण्यात उभा आहे, जहाजासारखा. त्याला पाणीकोठा म्हणतात.

आईनं आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला. मी तिच्या तोंडाकडं बघत होते. ती म्हणाली, "एवढं पाणी, अन् प्याले थेंब नाही?"

१९ जानेवारी, रविवार

सकाळीच किल्ला. खंदकावरून पूल, मग एक दरवाजा, मग दुसरा. पहारेकऱ्याला फोटो दाखवला. त्यानं डोळ्यांजवळ नेला, लांब नेला. "ये तो अपना पेरूवाला है। ऊपर होगा, बत्ती के पास।"

आई चढायला लागली. गुडघे दुखतात म्हणून घरी दोन पायऱ्यांना कुरकुरते, आज मला मागं टाकलं! दीपस्तंभाखालच्या बुरुजावर तोफांची रांग, आणि तिथं तो. पाठमोरा. डोक्यावर टोपली. आई थांबली. मलाही घाम फुटला, खोटं कशाला लिहू. उभं राहण्याची ढब... खरंच थोडी तशीच वाटली.

"विक्की," आईनं हाक मारली. फार हळू.

तो वळला. पन्नाशीचा माणूस. पुढचा एक दात चांदीचा.

आई त्याच्यासमोर गेली, हनुवटी धरून त्याचं तोंड उजेडाकडं फिरवलं. त्यानं फिरवू दिलं. भला माणूस!

"नाही," आई म्हणाली.

आणि मग त्याच्यावरच चिडली. "काहून गा? काहून असा तोंड वळवून उभा होता फोटोत? सरळ उभं राहाले काय झालं होतं तुले?"

मी मधे पडून माफी मागणार, तर तो हसायला लागला. "काहून! माँजी, आप काहून के गाँव की हो क्या?"

"मतलब?" मी विचारलं.

"घोघला में एक है। बोट पे खाना बनाता है। हर बात में काहून, काहून। हम लोग तो उसको काहून ही बुलाते हैं।"

मी आईला सांगितलं, अगं, अमरावतीपासून गोंदियापर्यंत सगळेच 'का'ला काहून म्हणतात. वर्ध्याचा असेल, यवतमाळचा असेल. पण ऐकायला ती होती कुठं? पायऱ्या उतरत होती.

२० जानेवारी

काय लिहू, कसं लिहू.

घोघला खाडीच्या पलीकडं, पुलावरून. कोळ्यांची वस्ती. वाळत घातलेल्या मासळीचा वास नाकातून डोक्यात जातो. "काहून कुठं राहतो?" असं विचारायची मला लाज वाटत होती. पण जाळं विणणाऱ्या एका बाईनं लगेच हात केला — ते हिरवं दार.

दारात एक तरुण बाई मासळी निवडत बसली होती, कडेला दोन-तीन वर्षांची मुलगी. आत भिंतीवर मगरीवर बसलेली त्यांची देवी. आणि देवीच्या शेजारी, तेवढ्याच उंचीवर, बाबासाहेब. निळा कोट. प्लास्टिकच्या फुलांचा हार.

आईनं दाराची चौकट धरली.

खाली लग्नाचा फोटो होता. जाड झालाय, मिशी ठेवलीय. पण विक्की! भुवईवरची खूणसुद्धा तीच. लहानपणी सायकलवरून मीच पाडला होता.

बाईचं नाव रमीला. त्याची बायको. मी हिंदीत सांगितलं, हम नागपूर से, ये उसकी माँ, मैं बहन. तिच्या हातातला मासा तसाच राहिला. "पर वो तो बोला उसका कोई नहीं है। सब मर गए।"

मला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं. चौदा वर्षं आई प्रत्येक बस तपासत फिरते, आणि त्यानं हिला मारून टाकलं!

आई खाली बसली. बसली म्हणजे बसकणच मारली. रमीलानं पाणी दिलं. ते सगळं पिऊन आई म्हणाली, "बरं केलं त्यानं. जिवंत हाये म्हणून सांगतलं असतं, तर बायकोनं इचारलं असतं, मंग घरी जात काहून नाही? काय सांगतलं असतं त्यानं?"

मग मुलीकडं हात पसरले. भूमी नाव आहे तिचं. आली नाही. आईच्या मांडीवरचा डबा उघडल्यावर आली.

विक्की बोटीवर गेलाय. कधी येईल? मासळी मिळाली की.

२१ जानेवारी

रमीला म्हणते, बोटी खाडीत शिरताना किल्ल्याखालूनच जातात, बुरुजावरून सगळ्यात आधी दिसतात. म्हणून आज सगळ्याच तिथं. आई तोफेच्या सावलीत बसली, पाय पसरून, जशी घरच्या ओट्यावर बसते. पर्यटक येतात, तोफेबरोबर फोटो काढतात, आई सरकून जागा देते. कितीतरी फोटोंत मागं तीच असेल आता.

खालच्या दगडांवर लाटा आपटत राहतात. भिंती कुठं कुठं आतून पोखरल्यात. तरी उभ्या आहेत.

आई बोलते नागपुरी, रमीला गुजराती. कोणालाच कोणाचं कळत नाही, आणि दोघी थांबत नाहीत! रमीला आईला "बा", म्हणजे आई, म्हणते. मला मात्र "दीदी" म्हणताना बिचकते. माझं तोंडच तसं झालं असेल.

२२ जानेवारी

बोटीच्या मालकानं वायरलेसवरून निरोप दिला — "तेरे घरवाले आए हैं, नागपूर से।" पलीकडून म्हणे, "ठीक है।"

ठीक है! आईनं त्याचे शंभर अर्थ काढले, सगळे चांगले.

२३ जानेवारी

बोट आली.

आईनंच आधी पाहिली. रमीला म्हणत होती ही नाही, ही नाही, मग एकदम ओरडली, "आवी गई!" निळी बोट, वर झेंडे. पाणीकोठ्याला वळसा घालून आत शिरली. आम्ही उतरून धक्क्यावर पोचेपर्यंत दोर बांधून झाले होते. एकेक जण उतरला. टोपल्या उतरल्या, बर्फ उतरला.

तो नव्हता.

बोटीचा प्रमुख, तांडेल, आमच्याकडं बघेना. रमीलानं त्याची बाही धरली तेव्हा बोलला. मासळी उतरवायला वाटेत वेरावळला थांबले होते. तिथं विक्कीनं पिशवी उचलली अन् उतरला. "बाद में आता हूँ" म्हणाला. फोनही बंद.

रमीलानं भर धक्क्यावर नवऱ्याला अशा शिव्या घातल्या, की गुजराती न येणाऱ्या मलाही सगळ्या कळल्या. मलाही घालायच्या होत्या. आई रडली नाही. म्हणाली, "भ्याला वं तो."

"कोणाला? तुला?"

"बापाले."

आई रिकाम्या बोटीकडं बघत म्हणाली,

"घरवाले आले म्हणून सांगतलं ना त्याले? त्याले वाटलं, बापही आला. त्याले कुठं मालूम, बाप मेला म्हणून."

आम्हा कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं! तेहतीस वर्षांचा बाप्या, लेकराचा बाप — आणि अजून त्या पट्ट्यापासून पळतोय.

२४ जानेवारी

आज बुरुजावर आईशी भांडले. उद्याची तिकिटं आहेत, आणि ही म्हणते, मी येत नाही!

"किती दिवस बसशील इथं?"

"येईल तवरिक."

मग माझा तोल गेला. जे कधी बोलले नव्हते ते सगळं बाहेर आलं. बाबांना ॲम्ब्युलन्समध्ये मी घातलं. तुझी शुगर मी बघते, गुडघ्याचं तेल मी आणते. मी हरवले नाही ना आई, म्हणून मला कोणी शोधत नाही!

वारा इतका, की शेवटचं वाक्य जवळजवळ ओरडूनच म्हटलं. दोन पर्यटक थांबून बघायला लागले.

आई समुद्राकडंच बघत होती. तशीच म्हणाली, "तुह्याच भरोशावर तर मी इथं बसून राहिली, मेघा. तू हायेस म्हणून. नाही तर बुढीची हिंमत होती काय, परमुलखात राह्याची?"

हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. थोडं वाटलं. थोडं नाही.

संध्याकाळी तिच्या गोळ्या वेगळ्या करून रमीलाला समजावल्या — सकाळची ही, जेवणाआधीची ही. तिनं सगळं परत म्हणून दाखवलं. जाताना वाकून माझ्या पाया पडली. मी तिला उठवलं, आणि मग दोघीही रडलो.

२७ जानेवारी

घरी. प्रेमानंद स्टेशनवर आला होता. माझ्यामागं आईला शोधत होता. मी मान हलवली. त्यानं बॅग घेतली.

२ फेब्रुवारी

रोज संध्याकाळी आईचा फोन. आज दोन बोटी आल्या, तो नाही. आज वारा होता, बोटीच नाही. भूमी आता "आजी" म्हणते. पेरूवाला रोज एक पेरू देतो, दातानं तोडवत नाही तरी घेते. मी ऐकते, गोळ्या घेतल्यास का विचारते. तिची खोली आवरावी म्हणते, आवरत नाही.

८ फेब्रुवारी

काल फोन नाही. आज लावला तर उचलत नाही. रमीलाचाही बंद. प्रेमानंद म्हणतो, रेंज नसेल. तरी परवाचं तिकीट बघून ठेवलं.

९ फेब्रुवारी

सकाळी आईच्या नंबरवरून फोन. "काय गं, होतीस कुठं?" म्हटलं. पलीकडून — "ताई. मी विक्की."

बाबांचा आवाज! हुबेहूब.

"परवा आलो घरी. आईनं सांगतलं बाबाचं," तो म्हणाला. नाक ओढलं. "ताई, आईले न्याले येऊ नको. राहू दे माह्याजवळ."

भांडायला तोंड उघडलं. तेवढ्यात मागून आई ऐकू आली. मीठ जास्त घातलं म्हणून सुनेवर ओरडत होती, घर दणाणून सोडलेलं. इतक्या मोठ्यानं ती चौदा वर्षांत बोलली नव्हती.

"राहू दे," मी म्हटलं.