अंगठ्याएवढा कप

टोर्गाइर,

हे पत्र मी टाकणार नाहीये, म्हणून मोकळेपणाने लिहिते. मी संशोधनाच्या जहाजावर आहे. हो, मीच! सुरुवातीला बादलीला मिठी मारून बसले होते. आमची स्वयंपाकीण ओडनी म्हणाली, "गुनवोर, पोटात काहीतरी टाक गं, नाहीतर बाहेर काय काढशील?" आता तिचं माशाचं सूप मी दोनदा मागून घेते, आणि सकाळी डेकवरून ट्रॉम्सोच्या शाळेतल्या माझ्या वर्गाला कॅमेऱ्यावर समुद्र शिकवते.

आज कप सोडले. ही जहाजावरची रीतच आहे. थर्माकोलच्या कपांवर चित्रं काढायची आणि जाळीत भरून ते यंत्रांबरोबर खोल समुद्रात सोडायचे. पाण्याच्या दाबाने ते आक्रसून अंगठ्याएवढे होऊन वर येतात. मुलांनी त्यांच्या कपांवर देवमासे काढून दिले होते. माझ्या कपावर मी तुझं वाक्य लिहिलं, तू घर सोडून जाताना दारात ऐकवलंस ते: "तुला तर आंघोळीच्या टबातही बोट लागते!"

जाळी वर आली. पडद्यावर मुलं ओरडली, "गुनवोर, तुझा दाखव ना!"

मी तो अंगठ्यावर चढवला.

"काय लिहिलंय?"

चष्मा लावला, डोळे बारीक केले, तरी मलाच वाचता येईना. मी पोट धरून हसत सुटले, हसता हसता कठड्यावर वाकले, तर ओडनी बादली घेऊन धावत आली!

तिला म्हटलं, "बादली ठेव. सूप आण."

तुझी आता कोणी नसलेली, भुकेली,
गुनवोर