जाळ्यात घातलेले मासे

पोर्तो पिन्ना,
शुक्रवार, १४ सप्टेंबर

प्रिय मोन्दो,

तू बरा असशील. आम्ही सगळे बरे आहोत. तुझ्या ग्रात्सियावहिनीची कंबर अधूनमधून धरते, पण विचारलं की "मला काय धाड भरलीय" म्हणते, म्हणजे बरीच असणार. बाबा चांगलं जेवतात. काल सूप दोनदा मागून घेतलं. आज पहाटेपासून मिस्त्राल वारा सुटलाय, बंदरातल्या होड्या एकमेकींना ढुशा देतायत, कुणीच बाहेर जाणार नाही. म्हणून लिहायला बसलो.

पत्र बघून तू चमकशील. बारा वर्षांत मी तुला एकच पत्र लिहिलं, आई गेली तेव्हा, आणि तेही ग्रात्सियानं सांगितलं तसं. फोन करता आला असता. पण फोनवर तू मध्येच बोलतोस, मग मी गप्प बसतो, आणि ठेवताना दोघंही म्हणतो, बरं चाललंय. या वेळी तसं व्हायला नको.

रविवारी तू इंजिनाचं विचारत होतास. दुसरी होडी घेतली तर केवढं इंजिन लागेल, जुनं चालेल का. मी म्हटलं, बघून सांगतो. मग तू म्हणालास की महिनाअखेरीला कारखान्यात राजीनामा देणार. तेव्हापासून मला धड झोप नाही. सीझन संपताना दरवर्षी थकवा येतो तसाच हा असेल, असं मी ग्रात्सियाला सांगितलं. ती म्हणाली, "थकलेला माणूस झोपतो."

होडीवर पर्यटक मात्र या वर्षी खूप आले. जुलै-ऑगस्टात रोज पुरे बारा. त्याहून जास्त घ्यायची परवानगीच नाही. नऊच्या ठोक्याला धक्क्यावर टोप्या घालून, अंगाला क्रीम फासून उभे. आधी जाळं ओढायचं, मग लाल कड्याखाली नांगर टाकायचा. तिथे ते पोहण्याचे चष्मे लावून खडकांवरून पोहतात, कुणी कड्यावर चढून उड्या मारतं, आणि मी मागे गॅसवर पास्ता टाकतो. रोज तेच विनोद, रोज तेच किस्से. पणजोबांनी माणसाएवढा ट्यूना एकट्यानं ओढला, हे मी या उन्हाळ्यात सत्तर वेळा तरी सांगितलं असेल. पणजोबा शेळ्या राखायचे, हे तुला ठाऊकच आहे. रोज बोलून बोलून गाल दुखतात. घरी आल्यावर ग्रात्सियानं काही विचारलं तरी उत्तर द्यावंसं वाटत नाही.

ऑगस्टात बेर्गामोची एक बाई होती, चांगली होती बिचारी. जाळं वर आलं तेव्हा एका ओराता माशाकडे बघून म्हणाली, "एफिसिओ, याला सोडून देऊ या का? तो माझ्याकडे बघतोय."

मी म्हटलं, "बाई, तो आता कुणाकडेच बघत नाही."

सगळे हसले. मीही हसलो. तो मासा आदल्या दिवसापासून कुणाकडे बघत नव्हता, मोन्दो.

आता लिहितोच. ते मासे मी जाळ्यात घालतो.

गेल्या वर्षी जूनमध्ये सुरू झालं. लागोपाठ तीन दिवस जाळं रिकामं आलं. रिकामं म्हणजे गवत, दोन काटेरी विंचूमासे, आणि एकदा प्लास्टिकची खुर्ची. तिसऱ्या दिवशी उतरताना एका माणसानं माझा हात हातात घेतला आणि म्हणाला, "काही हरकत नाही, पोहायला फार छान वाटलं." तो ओरडला असता तर मी विसरून गेलो असतो. दुसऱ्या दिवशी शेजारच्या खाडीत, जिथे ओराता पिंजऱ्यांत वाढवतात, तिथल्या निन्नीकडून मी डझनभर घेतले. पहाटे एकटाच गेलो, जाळ्याचं एक टोक वर घेतलं आणि एकेकाचं डोकं जाळ्यात खुपसून परत खाली सोडलं. जाळ्यातून मासा सोडवायला बाबांनी शिकवलं होतं. घालताना पहिल्या दिवशी मी सारखा मागे वळून बघत होतो. चौथ्या दिवशी मी शीळ घालत होतो.

त्या पहिल्या दिवशी लोक किती खूश झाले ते काय सांगू. मी म्हटलं, फक्त या आठवड्यापुरतं. मग म्हटलं, या महिन्यापुरतं.

मग बाबा. आई गेल्यावर ते खिडकीशी बसून राहायचे, दाढीसुद्धा करायचे नाहीत. तुला मी हे पूर्ण कधी सांगितलं नाही. ग्रात्सिया म्हणाली, त्यांना होडीवर ने. नेलं. डोळ्यांना आता धूसरच दिसतं, तरी होडीवर पाय ठेवल्याबरोबर दोरी कुठे, वल्हं कुठे, सगळं हाताला बरोबर सापडलं. लोकांना ते फार आवडतात. टोपी घालून होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर बसतात, जाळं आलं की विचारतात, "काय आलंय रे?" मग मी एकेक मासा त्यांच्या हातात देतो आणि ते लोकांना दाखवतात, हे कल्ले, हा पर, हा असा धरायचा. रोज दाढी करायला लागले.

मार्चमध्ये त्यांनी तुला फोन केला. समुद्र परत आला, राइमोन्दो, म्हणाले. मी तिथेच टेबलाशी होतो. पाव कापत होतो. दुसऱ्या दिवशी तू मला फोन करून विचारलंस, "बाबा म्हणतात ते खरं का?" मी म्हटलं, "बरं चाललंय." एवढंच म्हटलं. मी खोटं बोललो नाही अशी मी आजवर स्वतःची समजूत घालत आलो. पण तू नक्की काय विचारतोयस ते मला कळलं होतं, आणि तुला काय ऐकू येईल तेही.

का केलं असं, ते मलाच धड माहीत नाही. तू इथे यावंस असं वाटत होतं, हे तर आहेच. या होडीवर बोलायला माणूस नाही, तू असतास तर पणजोबांच्या ट्यूनावर निदान डोळा तरी मारला असतास. पण आणखीही एक आहे. तू गेलास त्या दिवशी धक्क्यावर म्हणाला होतास, "दादा, हा समुद्र मेलाय, त्याच्यावर जगता येणार नाही." मी काय बोललो ते तुझ्याही लक्षात असेल. जा, तिकडे धुण्याच्या यंत्रांची झाकणं बसवत बस. आणि तुझी बोट सुटताना मी मागच्या बाजूला जाळं शिवत बसलो, बघायला आलो नाही. तू बरोबर होतास, मोन्दो. मला हे बारा वर्षांपूर्वीच माहीत होतं. ते म्हणायला लागू नये म्हणून मी तुला नोकरी सोडू देणार होतो.

थोडा वेळ उठलो होतो. शेडचं पत्र्याचं दार वाऱ्यानं आपटत होतं, ते बांधून आलो.

परवा, बुधवारी काय झालं ते सांगतो. निन्नी आजारी होता, मासे मिळाले नाहीत. घरच्या फ्रीजरमध्ये थोडे ठेवलेले होते. ते तसेच नेले आणि घाईघाईत लावले. लोक यायच्या आत पाऊण तास मिळाला असेल. त्या दिवशी त्रेंतोचं एक कुटुंब होतं, नऊ-दहा वर्षांची एक मुलगी, सगळ्याला हात लावणारी. बाबांनी एक ओराता तिच्या हातात दिला. तिनं तो उलटसुलट केला, पोट दाबलं, तोंडात बोट घातलं. मग म्हणाली, "आजोबा, हा बाहेरून ठीक आहे, पण आतून एवढा गार का?"

सगळे तिच्याकडे बघायला लागले. माझा हात जाळ्यातच राहिला. तिच्या बापानं मासा घ्यायला हात पुढे केला.

बाबा म्हणाले, "खोलातनं आलाय ना, पोरी. तळाला पाणी बर्फासारखं असतं. वर आला की अंग तापतं, पण पोटातला गारवा लवकर जात नाही." आणि तिच्या हातातून मासा काढून टोपलीत टाकला. "चल, आता तू दोरी ओढ. बघू दंडात किती जोर आहे."

ती दोरी ओढायला लागली. लोकांनी फोटो काढले.

जाळं उथळ पाण्यात, आठ वावांवर होतं, मोन्दो. तिथे सप्टेंबरात तळाशीसुद्धा पाणी कोमट असतं. बाबांनी साठ वर्षं तिथे जाळी टाकली.

लोक उतरून गेले, मी जाळं धुवायला घेतलं. बाबा कठड्यावर बसले होते. मी त्यांच्याकडे न बघता विचारलं, "कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. शेपट्या झिजलेल्या. पिंजऱ्यात घासतात त्या. आणि जाळ्यात रात्र काढलेल्या माशाच्या मानेवर वळ असतो, यांना कधी नसायचा. माझे डोळे गेलेत, बोटं नाही गेली."

"मग बोलला का नाहीत?"

"तू इतका धडपडत होतास."

मी नळ बंद केला. "मग मोन्दोला का फोन केलात? समुद्र परत आला म्हणून?"

त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाले, "नुसतं ये म्हटलं असतं तर तो आला असता? त्याला पाच वर्षं ये ये म्हणतोय. सुट्टी नाही, तिकीट महाग, पोरीची परीक्षा. मासे म्हटलं, तर दुसऱ्या दिवशी फोन आला."

"तो नोकरी सोडतोय, बाबा."

"सोडू दे. इथे कुणी उपाशी मेलंय? लोकांना पोहायला नेईल." आणि उठताना म्हणाले, "तू त्याला लिहूबिहू नकोस. आला की कळेल."

आला की कळेल. मी तेच म्हणत होतो सहा महिने, मनातल्या मनात. त्यांच्या तोंडून ऐकलं तेव्हा ते किती वाईट आहे ते समजलं.

काल, गुरुवारी मी काही घातलं नाही. सकाळी धक्क्यावर सगळ्यांना सांगितलं, जाळ्यात जे येईल ते येईल, बहुतेक काही येणार नाही, ज्यांना नको असेल त्यांनी आत्ता सांगा. एक जोडपं परत गेलं. नऊ जण आले. एक माकूळ आलं, तळव्याएवढे दोन लाल मासे, आणि गवत. पास्ता नुसत्या टोमॅटोचा झाला. एक बाई परतीच्या वाटेवर माझ्याशी बोलली नाही. एक म्हातारा शिक्षक मात्र विचारत राहिला, पूर्वी काय यायचं, कधीपासून कमी झालं, आणि मी त्याला सगळं खरं सांगितलं, पणजोबांच्या शेळ्यांसकट. बरं वाटलं असं म्हणणार नाही. दमलो होतोच. फक्त गाल दुखले नाहीत.

तर, राजीनामा देऊ नकोस. दुसऱ्या होडीपुरते मासे इथे नाहीत, पहिलीपुरतेही नाहीत. जे आहे ते असं आहे: चार महिने लोकांना पोहायला न्यायचं, आठ महिने होडी घासायची आणि रंगवायची. पुढच्या उन्हाळ्यात रिकाम्या जाळ्यावर किती लोक येतील ते मला माहीत नाही. हे सगळं वाचूनही तुला यावंसं वाटलं तर तो तुझा विचार. पण मी किंवा बाबांनी तुला फसवून आणलं, असं व्हायला नको.

सुट्टी मिळाली तर नाताळात ये, परतीचं तिकीट काढून. बाबांना उन्हाळ्याची वाट बघायला लावू नकोस. ते थकलेत. मी लिहिलं नव्हतं, आता लिहितो: जिना चढताना मध्ये थांबतात, आणि थांबले हे कळू नये म्हणून भिंतीवर काहीतरी बघतायत असं दाखवतात.

शनिवार

पत्र काल टाकलं नाही. बाबांच्या पाठीमागे पाठवणं जिवावर आलं. आज दुपारी जेवणं झाल्यावर त्यांना सांगितलं, मी मोन्दोला लिहिलंय. मला वाटलं चिडतील. म्हणाले, "वाच."

सगळं वाचून दाखवलं. जिन्याचंही. तेवढं वाचताना मी थांबलो, तर म्हणाले, "थांबू नकोस, तिथेच बरा चालला होतास." ग्रात्सिया भांडी घासायची थांबून दारात उभी होती. संपल्यावर ते टेबलावरचे पावाचे कण बोटानं गोळा करत बसले. मग म्हणाले, "फोनवर मी बोललो होतो, आणि तू एकट्यानंच सही करतोस?"

पेन त्यांच्या हातात दिलं आणि बोट धरून कागदावर जागा दाखवली. ओळ सोडून खाली गेलंय, पण अक्षर त्यांचंच आहे.

तुझ्याशी सहा महिने खोटं बोललेले,

एफिसिओ

आणि बाबा